कुरुंद्याचा गोबरगॅस आणि आमची देखणी रेघ

पन्नास वर्षांनी देशात कुठलं इंधन किती जळेल, हे मला ठाऊक होतं. परभणीहून वसमतची एसटी कधी सुटेल, हे मात्र स्थानकावर कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "लागली की सुटते."

दोन हजार चारचा मार्च. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत संगणकावर गणितं मांडायचो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवायचा तर कोळसा कधी कमी करावा, पवनचक्क्या किती उभाराव्यात, चुलीऐवजी काय आणावं, असे पर्याय घालायचे आणि आलेखाची रेघ वर जाते की खाली, ते बघायचं. गोबरगॅसचा आकडा वाढवला की रेघ कशी देखणी खाली यायची! अहवाल दिल्लीला जाणार, तेवढ्यात आमच्या सरांना शंका आली: यातलं एक तरी संयंत्र आपण डोळ्यांनी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. लग्न न झालेला मी एकटाच, म्हणून संयंत्रांच्या सरकारी यादीतलं कुरुंदा गाव माझ्या वाट्याला आलं.

वसमतहून काळी-पिवळीत (भाड्याची जीप) मला गिअरपाशी जागा मिळाली. गिअर बदलताना ड्रायव्हर "जरा" म्हणायचा, मी पाय उचलायचो. दुसऱ्या गिअरपर्यंत आमचं छान जमलं. चौथ्यात गुडघा गेला.

लंगडत उतरलो तर सगळ्या गावाला हळद शिजल्याचा वास. यादीप्रमाणे माधवरावांच्या घरी गेलो. ते शेतात हळदीच्या कढईखाली पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) सारत होते. घरामागच्या अंगणात गोबरगॅसचा घुमट होता आणि घुमटावर शेळी. यादीत शेरा होता 'चालू'.

"मावशी, हे चालू आहे?" मी त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना विचारलं.

"शेळीसाठी चालूच हाय," त्या म्हणाल्या आणि ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी नि ठेचा पुढे ठेवला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं.

"शेण आहे, मग बंद का?"

"जेवढं शेण तेवढंच पानी लागतंय. हीर त्या लिंबापल्याड."

मी ऐटीत आमचं गणित समजावलं. लाकूड, कोळसा, धूर, किंमत, सगळं आहे त्यात म्हणालो.

"पानी आननारी बाई हाय का त्यात?"

नव्हती. पण कबूल करायचं सोडून मी बोलून गेलो, "मावशी, चार हंड्यांचं तर काम."

"मग आना की," म्हणत त्यांनी हंडा माझ्या हातात दिला.

विहिरीवर एका म्हातारीने विचारलं, "सुमनचा जावई का? कामाला काहून लावला?" पहिला हंडा अर्धा माझ्याच सदऱ्यावर सांडला. तिसऱ्या खेपेला शेण कालवायच्या टाकीपाशी दगडावरून पाय सटकला आणि मी गुडघ्यापर्यंत शेजारच्या शेणाच्या ढिगात. तोवर घरी आलेले माधवराव पोट धरून हसले. सुमनबाई हसल्या नाहीत.

"मी बी त्याच दगडावर पडले व्हते," त्या म्हणाल्या. "दोन हिवाळे भरला म्या ह्यो खड्डा. मनगट मोडलं, तवापासून बंद हाय." त्यांनी हात पुढे केला. मनगट वाकडंच जुळलं होतं.

माधवरावांचं हसू विझलं. "सायेब लोक यायचे, मी चालू म्हनून सांगायचो. बंद काहून, असं कोनी इचारलं तर काय सांगू? मी एक हंडा आनला न्हाई, हे?"

मला वाईट वाटलं, आणि आमच्या रेघेची लाजही.

पुण्यात येऊन मी 'बंद' असं लिहिलं. सर वैतागले. "एका मनगटासाठी देशाची रेघ वर न्यायची?"

"मग बाकीची गावंही बघू या," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला, यादी परत वाचली. पुढच्या आठवड्यात सरांसकट आम्ही तिघं गावं वाटून घेऊन निघालो. बऱ्याच घुमटांवर शेळ्याच भेटल्या. अहवाल उशिरा गेला, रेघ वर राहिली, दिल्लीकरांनी नाकं मुरडली. पण पाणी आणण्याचे तास त्यात पहिल्यांदा मोजले गेले. इतका प्रवास करून मी एवढंच शिकलो, की आकडा कुणाच्या तरी डोक्यावरून येतो.

दिवाळीनंतर कुरुंद्याहून पोस्टकार्ड आलं. माधवरावांनी लिहिलं होतं: 'गोबरगॅस चालू केला. पाणी रोज मीच आणतो. खोटं वाटलं तर येऊन पाहावे.'

खाली वेगळ्या, वाकड्या अक्षरात सुमनबाईंची ओळ होती: 'रोज न्हाई. आठ दिवसातून चार दिवस आनतेत. तेवढंच लिवा.'

यादीतला 'बंद' खोडून मी तेवढंच लिहिलं.