चपलांपाशी ठेवलेला डबा

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून थेट सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

आमच्या जुन्नरच्या चर्चमध्ये मंडळीची मूल्यं लिहिलेला बोर्ड आहे. तो मी रंगवलाय. मी कुठल्या शाळेत रंगकाम शिकलो नाही, पण माझं चार इंचाचं अक्षर चार इंचच भरतं. त्यातली तिसरी ओळ आहे, ‘येथे सर्वांचे ताट एक.’

आज प्रीतिभोजन होतं. प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. डिंभे धरणाकाठच्या कातकरी वस्तीतल्या सखूमावशी यंदाच बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आल्या. दोन एसट्या बदलून त्यांनी मासळीचं कालवण आणलं. बाकीचे डबे टेबलावर उघडले. त्यांचा मात्र दाराबाहेर चपलांपाशी, बंद!

मी चर्चच्या सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, "राव, त्यांच्या हातचं समद्यांना चालंल असं नाय. उगं वाद नको."

मावशींनी ते ऐकलं. "ऱ्हाऊ द्या भाऊ, घरी नेते," म्हणत त्यांनी डबा उचलला.

मी तो मागून घेतला, बोर्डाखाली बसून उघडला आणि पोटभर जेवलो.

"मीठ बराबर हाय ना?" मावशींनी हळूच विचारलं.

अगदी बरोबर होतं. पण भरल्या सभेतून दुसरं एकही ताट पुढं आलं नाही.

निघताना सेक्रेटरी म्हणतात, "बोर्ड फिका पडलाय, नाताळाच्या आधी नवा रंग मारा."

मारतो. पण तुम्हीच सांगा, ती तिसरी ओळ कोणत्या तोंडानं लिहू?