भिंतीवरचं लिहिणं

आठवीच्या वर्गात त्या दिवशी इंग्रजी शिकवताना 'रायटिंग ऑन द वॉल' हा वाक्प्रचार आला. अर्थ सोपा: शेवट जवळ आल्याची खूण समोर स्पष्ट दिसणं. मूळ गोष्ट ज्यू लोकांच्या जुन्या धर्मकथांतली. बाबिलोनचा राजा देवळातून लुटलेल्या भांड्यांत दारू पीत बसलेला असतो. अचानक एक हात प्रकटतो आणि भिंतीवर काही शब्द लिहितो. दरबारातल्या एकाही पंडिताला ते वाचता येत नाहीत. शेवटी परक्या देशातल्या एका बंदिवानाला बोलावतात. तो सांगतो, राजा, तुझे दिवस भरले.

पोरांना तो हात फार आवडला. मला बंदिवानाची दया आली, कारण बाबांचा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता.

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. बाबा जन्मभर बोटीवर खलाशी, आई चौथी शिकलेली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फार तर दोन महिने." मला काहीच वाटलं नाही. येताना मी बांगडे घेतले, तेही घासाघीस करून.

"काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"सूज आहे. गोळ्यांनी उतरेल." धडधडीत खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी आई ग्रामदेवीला कौल लावायला निघाली. मीही गेले. आमच्याकडे गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली की देवीने होकार दिला. आईने मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. आईचा चेहरा खुलला. घरी येऊन तिने मुंबईच्या मामाला फोन लावला, "कौल मिळाला रे!" मला तिचा राग आला. एका कळीवर एवढी हुरळून जाते ही बाई!

संध्याकाळी राहवलं नाही. ती भात वेळून पेज गाळत होती. म्हटलं, "आई, कौलावर विसंबू नकोस. बाबा बरे व्हायचे नाहीत."

"म्हायत हाय मला," ती भांड्यावरची नजर न काढता म्हणाली. "बरं कर असं मी मागितलंच नाय. हाल न करता ने, एवढंच मागितलं."

मग हात पुसून तिने फळीवरच्या डब्यातून तो रिपोर्ट काढला. मी पर्समधून काढून तिथे लपवलेला. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी टाचलेली होती.

"दुखणं थांबवायचं औषध ह्यातलं कुठलं, तेवढं वाच बघू."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले.