मोसंबीच्या रसातली मॅकरोनी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमचं श्रमदानाचं शिबिर काष्टीजवळच्या माझ्याच गावात लागलं. शेवटच्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यांनी गावाला जेवू घालायचं ठरलं. चार लोकांत कधी तोंड न उघडणारा मी, "मॅकरोनी मी करतो," असं बोलून गेलो. आमच्या मॅडमनी नगरला घरी बोलावून एकदा खाऊ घातली होती. टोमॅटोचा दाट रस्सा, त्यात लिंबाची किसलेली साल आणि मोसंबीचा रस. ही फळं आमच्या शिवारात भरपूर. मॅकरोनी तेवढी नगरहून टेम्पोत आली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील पंगतीत बसणार होते. बिघडलं असतं, तर माझ्याआधी त्यांचं हसं झालं असतं.

"कॉलेजात सैपाक शिकाय गेल्तास व्हय रं?" काकी म्हणाली. गावातल्या लग्नांचा भात तिच्याच हातचा. तरी पदर खोचून मदतीला आली.

मी मोसंबी पिळत होतो, तेवढ्यात तिनं शिजलेल्या मॅकरोनीवर परात झाकून वर निखारे ठेवले. भाताला देतात तसा दम. परात उचलली, तर आत नुसता गोळा.

"काकी, हिला दम न्हाई द्यायचा!"

"मग आदी सांगायचं की! मला वाटलं, कच्ची ऱ्हाईल."

नशिबानं विहिरीवर पाण्याचं इंजिन चालू होतं. गोळा पाट्यांत घालून आम्ही पाइपाच्या धारेखाली धरला. काकी बोटांनी नळ्या मोकळ्या करत होती. "सुटतंय रं, सुटतंय!"

बऱ्याच सुटल्या, काही मोडल्या. दाट रश्शात त्या पुन्हा चिकटतील अशी भीती वाटली. मोसंबीचा रस उकळला की कडवट होतो, म्हणून रश्शाचं पातेलं खाली उतरवलं आणि पिळलेला सगळा रस ओतला. रस्सा पातळ झाला, लालभडक आणि आंबटगोड.

पंगत बसली. "ह्या नळ्या चावायच्या का वडायच्या?" एका आजोबांनी विचारलं. सगळे हसले. पातेल्यातून रस्सा काढणारी माझी पळी हवेतच राहिली.

वडिलांनी ताटात भाकरी चुरली, तिच्यावर मॅकरोनी आणि रस्सा कालवून मोठा घास घेतला. आजोबांनी त्यांच्याकडं पाहत तसंच केलं.

"लई झ्याक हाय की! रस्सा आन रं!"

मग साऱ्या पंगतीतून रश्शाची मागणी सुरू झाली. वाढपी धावत वडिलांपाशी आला. त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू न्हाई. आमच्या पोराला पाठीव. त्याच्या हातनं घेतो."