आधी याले टोचा

"आधी याले टोचा! मेला त मेला!"

पाटील चावडीवरून असा ओरडला, की इंझोरीच्या पिंपळावरचे कावळे थेट पोहरादेवीला जाऊन बसले असतील. गावात पटकी शिरली होती. हागवण-उलटीनं धट्टेकट्टे गडी दिवसभरात चिंधी व्हायचे. सरकारी डॉक्टर लस घेऊन आला, पण सुईपुढं दंड धरायला कुणी धजेना. मग महारवाड्यातून मला ओढून आणलं.

डॉक्टर समजावत होता, "यात पटकीचे मेलेले जंतू आहेत. अंगाला त्यांची ओळख पटते. मग जिते आले की अंग लढतं."

ऐकतो कोण? मला टोचलं आणि पाटलाच्या रिकाम्या गोठ्यात कोंडलं. जगतो का मरतो, पाहायला.

दंड भोपळ्याएवढा सुजला. ताप असा, की कपाळावर भाकर शेकून निघाली असती. पण भाकर लांबूनच फेकायचे. फटीला डोळा लावून विचारायचे, "मेला का बे?"

"मेलो. उद्या या."

हसायला सोबत कुणी नव्हतं. बोलायला दावणीचा खुंटा. आईबाप कधीचेच गेलेले; धाकटी बहीण सखू झोपडीत एकटी. खुंट्याला मी तिच्या खोड्या सांगायचो.

मी जगलो. गावाला धीर आला. पण सुई माझ्या अंगाला लागलेली! डॉक्टरनं ती उकळली. पाटील म्हणे, "आजून उकळा." जंतू पहिल्याच उकळीत मेले, माझी जात भांड्याचं बूड जळलं तरी मरेना.

गावाचं टोचून झालं आणि लस संपली. महारवाड्याला सांगितलं, पाणी उकळून प्या. आमचं पाणी नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं. वरच्या अंगाला गाव आजाऱ्यांची धोतरं धुवायचं.

गोठ्यातून सुटून मी घरी आलो तेव्हा सखूचे डोळे खोल गेले होते. उकळलेलं पाणी, मीठ घालून, घोट घोट पाजलं. पोटात ठरलं नाही. सखू गेली.

एकदा टोचून भागत नाही म्हणून डॉक्टर पुन्हा आला. नवी लस, नवा संशय. पुन्हा हाळी, "आना त्याले!"

मी गेलो. बाही खाली ओढली आणि चावडीसमोर मातीत बसलो.

"आधी महारवाड्याले टोचा. एक जन जरी राह्यला, तरी मी दंड देत नाई."

महारवाड्यातला एक लांबचा चुलता कुजबुजला, "लेका, पाय धर त्यायचे." आणि चार हात मागं सरला. आमच्यातलंही कुणी शेजारी बसलं नाही.

पाटील गुरगुरला, "माजला का बे? गाव मेलं त?"

"मरू द्या."