पेटलेलं बटण

कोल्हापुरात घरी बसून दूध सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, असं सांगितलं की लोक म्हणतात, वा, मजा आहे की! कसली डोंबलाची मजा? बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी पुण्याला. घरात कीबोर्डचा आवाज, आणि मधेच कुकरच्या शिट्टीचा, तोही शेजारच्यांच्या.

गेल्या वर्षी नव्या आवृत्तीचा टूलबार, म्हणजे पडद्यावरची बटणांची पट्टी, करायला घेतला. माऊसचा बाण बटणावर आला की ते हलकं उजळावं, बाण सरकला की परत होतं तसं व्हावं. ऐकायला पोरखेळ. पण बाण झटकन बाहेर काढला की बटण पेटलेलंच राहायचं. त्या एवढ्याशा खोडीनं माझा जीव खाल्ला. शेवटी एका दुपारी जमलं, आणि मी खुर्चीतून उठून "जमलं की!" असं ओरडलो. ऐकायला कोण होतं? कुणीतरी ते एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं. मुलीला व्हिडिओ पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

नवी आवृत्ती सगळ्या सोसायट्यांत गेली. कुणी चकार शब्द काढला नाही. मग मुरगूडच्या पुढच्या एका गावच्या सोसायटीतून फोन आला. तिथं कॉम्प्युटरवर बसणारी बाई होती.

"सर, एक बटन सारखं पेटल्यालं हाय. विझतच न्हाय बघा. डोळ्यात खुपतंय."

तीच जुनी खोडी! पण खरं सांगतो, बरंही वाटलं. कुणाची तरी नजर तिथं गेली होती. दोन प्रश्न फोनवर विचारून भागलं असतं. मी गाडीला किक मारली.

पोचलो तेव्हा संध्याकाळचं दूध सुरू व्हायचं होतं. बाई कीबोर्डसमोर बसली होती. पडद्यावर बिलाचं बटण खरंच पेटलेलं.

"माऊस कुठाय, ताई?"

"त्यो काय!"

भिंतीला खिळा, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माऊस. "दुधाचं हात लागून खराब हुतोय. आणि लागतोय कुणाला? समदं कीबोर्डाच्या आकड्यांवर चालतंय." माऊस टांगताना बाण बिलाच्या बटणावर राहिला होता, आणि माझं बटण बिचारं इमानानं उजळून बसलं होतं.

मी माऊस काढून तिच्या हातात दिला. "जरा फिरवा की."

तिनं फिरवला. बटणं एकामागून एक उजळली, विझली. मी पडद्याकडं बघतच नव्हतो, तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"बरं हाय," ती म्हणाली. "पण हे कशाला?"

"कुठलं बटण दाबणार ते आधी कळावं म्हणून."

"मी काय दाबणार ते मला ठावं असतंय की!"

मी तिच्याकडून माऊस घेऊन बाण कोपऱ्यात नेऊन ठेवला. बटण विझलं. तिनं माऊस परत पिशवीत घातला.

"एवढंच हुतं व्हय? मग फोनवर सांगायचं की. ह्याच्यासाठनं कोल्हापुरास्नं आलासा?"

"समोर बघितलेलं बरं असतं," मी पुटपुटलो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. आमच्याकडं आडपडदा ठेवून विचारायची पद्धत नाही.

"घरात कोण न्हाय व्हय तुमच्या?"

आजवर कुणी विचारलं की मी मुलीचं सांगायचो, कामाचं सांगायचो, वेळ कसा पुरत नाही ते सांगायचो. त्या दिवशी नुसतं "न्हाय" म्हणालो.

"मग बसा की," तिनं पायानं एक स्टूल माझ्याकडं सरकवलं. "च्या येतोय."

तेवढ्यात किटल्या घेऊन माणसं यायला लागली आणि ती कामाला लागली. माझं तिथलं काम कधीच संपलं होतं. शेवटची किटली रिकामी होईपर्यंत मी त्या स्टुलावर बसून राहिलो.