सोमवारी बरणीत पाणी

यशवंत गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच. इतक्या वर्षांचा दोस्त गेल्यावर माणसाच्या डोक्यात काय यायला हवं? माझ्या डोक्यात आली ती त्याच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवरची चिनी मातीची बरणी. आता ती कोण उघडणार, हा माझा पहिला विचार होता. लिहायला लाज वाटते. पण यशवंतबद्दल खरं लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

मी जकात नाक्यावर नोकरीला होतो. ट्रकची ताडपत्री उचलून आत काय दडवलंय ते बघणं हे माझं काम, आणि वीस वर्षं तेच केल्यावर माणूस घरी आल्यावरही ताडपत्र्या उचलत बसतो. बायको म्हणायची, तुम्ही देवाच्या प्रसादाचीही पावती मागाल. यशवंतचं मेनरोडच्या मागच्या गल्लीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा आणि रविवारी तेच भिंग खिशात टाकून आमच्याबरोबर डोंगरात यायचा. आम्ही चार-पाच जण होतो, दगड गोळा करणारे. नाशिकच्या काळ्या खडकात पोकळ्या असतात आणि पोकळीत स्फटिक. पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे. ज्याला एकदा ते दिसले तो मग घरी स्वस्थ बसत नाही. यशवंतनेच मला या नादाला लावलं आणि माझं नाव 'जकात' पाडलं तेही त्यानेच.

संशयाची सवय आम्हाला बाहेरच्या लोकांनीही लावली. कुठे नवी विहीर खोदताहेत, सुरुंग लावताहेत असं कानावर आलं की आम्ही एसटीने तिकडे पळायचो. येवल्याकडच्या एका विहिरीवर मालकाने आम्हाला दुपारभर काठावर बसवून ठेवलं. "दगडासाठी नाशकाहून कोनी येतं व्हय? गुप्तधनाचा वास लागला आसंल तुमाला," तो म्हणाला. यशवंतने वाद घातला नाही. भिंग काढून मालकाच्या म्हाताऱ्या आईच्या हातात दिलं आणि एक फुटका दगड त्याखाली धरला. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग लेकाला म्हणाली, "लय भारी हाय रे. जाऊ दे त्यास्नी खाली." मला त्या दिवशी त्याचं कौतुक वाटलं, हे खरं. पण माणसाला बोलण्यात गुंडाळणं याला किती सोपं जातं, हेही मी मनात टिपून ठेवलं होतं.

आमचे नियम होते आणि ते यशवंतनेच घालून दिलेले. पोकळीत ज्याचा हात पहिला जाईल त्याचा पहिला हक्क. पहिल्या दिवशी फक्त नखाएवढा तुकडा घ्यायचा, बाकी काही हलवायचं नाही. तोंडावर दगड ठेवून यायचं आणि पुढे सगळ्यांनी मिळून जायचं. एकट्याने परत जायचं नाही. आणि प्रत्येक दगडाला चिठ्ठी. जागा, दिवस, आणि 'पहिला हात' असं लिहून पुढे नाव. बिनचिठ्ठीचा दगड म्हणजे रस्त्यावरची खडी, असं तो म्हणायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पेठच्या बाजूला एका डोंगरात सोमा नावाच्या शेतकऱ्याने आम्हाला गुहा दाखवली होती. फार मोठी नाही, पण शेवटचं वीस-एक फूट पोटावर सरपटत जायचं. वटवाघळांचा उग्र वास, आणि बॅटरी तोंडात धरलेली. त्या दिवशी बाकीचे आले नव्हते, आम्ही दोघेच. आतल्या भिंतीत मातीने बुजलेलं एक भोक होतं. मी माती उकरली, हात घातला आणि बोटांना टोकं लागली. उजेड टाकला तर आत खडीसाखरेच्या कांड्या उभ्या करून ठेवाव्यात तसे शेकडो स्फटिक. बोट-बोट लांब, काचेसारखे, किंचित गुलाबी. यशवंत माझ्या मागे पालथा पडलेला होता. मान उंचावून आत बघत राहिला. मग म्हणाला, "पहिला हात जकातचा." मी आयुष्यात एवढा खूश क्वचितच झालो असेन. नखाएवढा तुकडा त्याने भिंगाखाली बघायला घेतला, मी तोंडावर दगड बसवला आणि आम्ही उतरलो.

पुढच्या रविवारी जायचं ठरलं होतं. पण मालेगावला बहिणीचे यजमान आजारी पडले, मला तिकडे धावावं लागलं आणि दीड महिना तिथेच गेला. परत आलो तो मे महिना. घरी पिशवी टाकली आणि यशवंतला न कळवता दुसऱ्या दिवशी एकटाच पेठच्या गाडीत बसलो. नियम मीही मोडत होतो, पण हे मला पुढे कित्येक वर्षांत एकदाही खटकलं नाही. पायथ्याशी सोमा भेटला. "तुमचा जोडीदार येऊन गेला ना मागं," तो म्हणाला. "एकलाच व्हता. संगं डबा बी व्हता, पत्र्याचा, मोठा." मनात पाल चुकचुकली. सरपटत आत गेलो. दगड तोंडावर होता, पण मी ठेवला तसा नाही, उलटा. आत काही नव्हतं. तळाला पांढरा चुरा तेवढा पडलेला, छिन्नी चालवल्यावर पडतो तसा.

नाशिकला उतरलो तो थेट त्याच्या दुकानात. तो एका बाईच्या मनगटी घड्याळाचं झाकण लावत होता. बाई जाईपर्यंत मी थांबलो आणि विचारलं, "गुहेकडे गेला होतास का रे?" त्याने भिंग डोळ्यावरून काढलं नाही. "नाही," म्हणाला. बस्स, एवढंच. त्यापुढे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मैत्री तुटली नाही. रविवार चालूच राहिले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात आम्ही पंगती वाढल्या. पण मी कुठल्याही गुहेतून सगळ्यात शेवटी बाहेर पडायला लागलो. त्याच्या घरी गेलो की कपाटातल्या दगडांवरून नजर फिरवायचो... ते स्फटिक कधी दिसले नाहीत. मग एकदा, सोमवार होता, वहिनी खालच्या फळीवरच्या बरणीत तांब्याने पाणी ओतताना दिसल्या. लोणच्याच्या बरणीत पाणी? मी विचारलं तर यशवंत मधेच म्हणाला, "औषध आहे." झालं. त्या दिवसापासून माझा सगळा संशय त्या बरणीत जाऊन बसला. सायखेड्याला गोदेच्या काठी आम्ही गारगोट्या वेचायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. तो नदीत उतरला होता आणि मी काठावर त्याची पिशवी उघडून बघत होतो. ओल्या केसांनी वर आला आणि म्हणाला, "काय जकात, झाली का झडती?" मी हसलो. तोही हसला. त्याची नेहमीची चेष्टा, असं मी धरून चाललो.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. बरणी ओट्यावर आणून ठेवली होती. "भाऊजी, ही तुमची. आता तुम्हीच न्या." फडकं सोडलं, झाकण काढलं. आत काठोकाठ पाणी आणि तळाशी तळहाताएवढा एकच झुबका, किंचित गुलाबी, काचेसारखा. बरणीच्या गळ्याला होमिओपॅथीची एक लहान बाटली दोऱ्याने बांधलेली, आत चिठ्ठी. यशवंतचं घड्याळजी अक्षर, मुंगीएवढं. गुहेची जागा, दिवस, आणि खाली : पहिला हात – जकात.

"तुम्ही मालेगावला होतात," वहिनी म्हणाल्या. "तो नखाएवढा तुकडा यांच्या टेबलावर आठ-दहा दिवसांत पांढरा पडला. बोट लावलं तर पीठ. दगडातलं पाणी उडतंय, म्हणाले. भोक तर तुम्ही उघडून आलेलं, त्यात चैत्राचं ऊन. डबाभर पाणी घेऊन पळाले. तोवर सगळं ढासळलं होतं. आतल्या ओलीत एवढंच तग धरून होतं."

"मग मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं, वहिनी."

"तुम्ही नाक्यावर विचारता तसं विचारलंत म्हणे. एकट्याने जायचं नाही हा नियम यांचाच. घाबरून 'नाही' म्हणून गेले. मग ते 'नाही' परत घेता येईना." त्यांनी झाकण पुन्हा बसवलं. "दोनदा द्यायला म्हणून काढली होती ही बरणी. दुसऱ्यांदा तर ठरवलंच होतं, सायखेड्याहून आलो की देतो म्हणाले. आले आणि गुपचूप परत फळीवर ठेवून दिली. काय झालं ते मला कधी सांगितलं नाही."

मला माहीत होतं काय झालं ते. मी त्यांना सांगितलं नाही.

बरणी घरी आणली. एवढं ऐकूनही माझं मन कसं आहे बघा. रात्री आडवा पडल्यावर वाटलं, वहिनी म्हणतात ते खरं कशावरून? दगडाचं कुठे पीठ होतं? सकाळी झुबक्याच्या कडेची एक बारीक कांडी मोडून घेतली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर खिडकीत ठेवली. रोज बघायचो. चौथ्या दिवशी चमक गेली. आठवड्याने ती खडूसारखी झाली. अकराव्या दिवशी बोट टेकवलं... गुहेतल्या त्या भोकाच्या तळाला दिसलेला पांढरा चुरा तसाच्या तसा कागदावर. त्याने वर्षानुवर्षं पाण्यात सांभाळलेल्या माझ्या दगडातली एक कांडी मी खात्री करून घ्यायला मारली. मी खिडकीशी उभा राहून रडलो. स्मशानात डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

ते पीठ मी घड्याळाच्या एका रिकाम्या डबीत भरलं. चिठ्ठी लिहिली. जागा लिहिली, दिवस लिहिला, आणि 'पहिला हात' यापुढे लिहिलं, यशवंत. नियमाने ही चिठ्ठी खोटी आहे, त्याने बघितली असती तर फाडून टाकली असती. बरणी आता आमच्या ओट्याखाली आहे. सोमवारी सकाळी झाकण काढतो आणि कमी झालं असेल तेवढं पाणी घालतो.