बसायचं की उभ्याचं

मोठंच मशीन घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे म्हणजे कोण, तर मी आणि माझी बायको. मुलगी लग्न होऊन वास्कोला गेली, तेव्हापासून माझा राग सोसायला घरात ही एकटीच उरली आहे.

आमचा धंदा लॉन सांभाळायचा. मी मूळचा डिचोलीकडचा. अठरा वर्षं खाणीवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहून गंजला, आणि मी ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यावर खेकसायला लागलो. तेव्हा हिनेच मला उठवून आपल्या माहेरच्या गावी, धारगळला आणलं. तिथल्या एका लग्नाच्या हॉलचं गवत कापायचं काम तिनेच धरलं होतं. एकाची दोन झाली, दोनाची सात. मोपाला विमानतळ झाल्यावर तर पेडण्यात हॉटेलं आणि बंगले इतके उठले की नाही म्हणायची वेळ यायला लागली.

काम आम्ही दोघंच करायचो. औषधाचा पंप माझ्या पाठीवर, खताची ढकलगाडी तिच्या हातात. मी फवारत निघालो की ती उताराच्या खालच्या अंगाने माझ्याबरोबर चालायची. मारलेल्या औषधाची कड कुठवर आली, कुठे पट्टा सुटला, हे वरून मला दिसत नाही. खालून तिला बरोबर दिसतं. "थोडं अलीकडे. हां, आता चला," एवढंच बोलायची. खताला तर तिच्यासारखा हात नाही. दहा दिवसांनी जाऊन बघावं, कुठे पिवळा पट्टा नाही, कुठे जळका डाग नाही.

गेल्या पावसाळ्यात तिच्या हातून खताची गोण सुटली. मी ओरडलोच, "लक्ष खंय असतं गो तुझं?" तिने सांडलेलं खत गोळा केलं. मग दोन दिवसांनी पाहिलं तर केस विंचरायला तिचा उजवा हात वर जाईना. डाव्या हाताने उजव्याचं कोपर उचलून ती फणी केसांपर्यंत नेत होती. मी हे पाहिलंय हे तिला कळलं तेव्हा तिने फणी ठेवून दिली.

म्हापशाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. नस दबली आहे. ओझं उचलायचं नाही, गाडी ढकलायची नाही. ऐकलं नाही तर हा हात कायमचा जाईल.

घरी येताना मी म्हटलं, "झालं तर मग. उद्यापासून तू घरी."

"माका घरात बसवू नका हां," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

"मग काय, हात घालवून घेतेस?"

"हात सांभाळीन. पण घरात बसणार नाही. जनेलाच्या गजांकडे बसून तुमच्या टेम्पोची वाट बघत मरायचं नाही मला."

असली भाषा तिने आजवर कधी केली नव्हती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. मी राग तेवढा दाखवला.

त्याच सुमाराला केरीच्या एका नव्या हॉटेलचं काम चालून आलं. डोंगराच्या अंगावर पसरलेलं भलंमोठं लॉन, खाली समुद्र. मॅनेजर म्हणाला, पाठीवरच्या पंपाने हे व्हायचं नाही, वर चढून चालवायचं मशीन आणत असाल तर सीझन सुरू व्हायच्या आधी काम तुमच्या हवाली करतो. मी वास्कोच्या एका दुकानात फोन केला. त्यांच्याकडे दोन मशीनं होती. खत आणि औषध दोन्ही एकदम टाकणारी. पुढे खताचा डबा, त्याच्याखाली गरगर फिरणारी चकती, मागे औषधाची टाकी आणि फवारे. एक मोठं, ट्रॅक्टरसारखं सीटवर बसून चालवायचं, टाकी दोनशे लिटरची. दुसरं लहान, मागच्या पाटावर उभं राहून दोन दांड्यांनी चालवायचं, टाकी निम्म्याहून कमी. आमच्या घरात त्यांची नावं पडली, बसायचं आणि उभ्याचं.

मी म्हटलं बसायचं. त्यात वाद घालण्यासारखं होतं काय? एकदा टाकी भरली की अर्धं लॉन पुरं. एकटा माणूस सगळं उरकेल. दुसऱ्याची गरजच नाही.

"म्हणूनच तुम्हाला ते हवंय," ती म्हणाली. "मी विचारलं त्या दुकानवाल्याला. उभ्याच्या दांड्यांना जोर लागत नाही, दोन बोटांनी हलतात. गोण तुम्ही ओता, पाणी तुम्ही भरा. चालवीन मी."

मी हसलो. तसं हसायला नको होतं. "तुला सायकल येत नाही गो!"

"मग? तुम्ही काय आईच्या पोटातून ट्रक शिकून आला होता?"

आठ दिवस हेच. ताटावर हेच, टेम्पोत हेच. शेवटी मी टेबलावर हात आपटला. खाणीच्या उतारावरून दहा टन माल खाली आणलेला माणूस मी, मला मशीन कुठलं घ्यायचं ते कळतं, असं म्हणालो. ती गप्प बसली. आता ऐकलं हिने, असं मी धरून चाललो.

ठरल्या दिवशी दुकानाचा माणूस दोन्ही मशीनं गाडीत घालून केरीला आला. माझ्याच वयाचा, शांत बोलणारा. सकाळचे आठ वाजले होते, गवतावर दंव होतं. मॅनेजर आला, हॉटेलचे दोघे माळी आले. बायको आपली ओढणी कमरेला बांधून आली, कामाला यायची तशीच. मी तिला घरी थांब म्हटलं होतं.

मी सीटवर चढलो. आहाहा, काय सांगू! सपाटीवर मशीन लोण्यासारखं चाललं. पुढे खत पंख्यासारखं उडतंय, मागे पाण्याची फवारणी. टाकीत नुसतं पाणीच घातलं होतं. चार फेऱ्या मारल्या आणि मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गाडीतून अजून न उतरवलेल्या लहान मशीनकडे बघत होती.

मी मशीन उताराकडे वळवलं तेव्हा दुकानाचा माणूस धावत आला. "भाऊ, थांबा. टाकी अर्धी झालीय. अर्ध्या टाकीने उतारावर जायचं नाही, पाणी आत हलतं. एक तर भरून घेऊ, नाही तर रिकामी करू. आणि हे मशीन उतारावर आडवं घालू नका. त्यापेक्षा उभ्याचं काढू का?"

"कशाला? मी काय काल गाडीवर बसलो?"

"तसं नव्हे हो..."

"उतार मला शिकवू नका!"

तो एक पाऊल मागे सरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उताराच्या खाली कोणी थांबू नका. बाजूला व्हा सगळे." माळी बाजूला झाले. मॅनेजर पायरीवर चढला.

पहिली आडवी फेरी नीट झाली. मी मुद्दाम दुकानवाल्याकडे मान वर करून बघितलं. दुसऱ्या फेरीला थोडा खाली उतरलो. तिथे झाडांची सावली होती आणि गवत जास्त ओलं. मधोमध आलो आणि टाकीत डुबुक असा आवाज झाला. सगळं पाणी खालच्या कुशीला गेलं. सीट माझ्या बुडाखालून उचलली गेली. वरच्या बाजूचं चाक जमिनीला लागत नव्हतं.

खनिज ट्रकच्या हौद्यात गप्प पडून राहतं. अठरा वर्षांत माझ्या मालाने कधी असा कुशीचा पालट केला नव्हता.

पण हातांना सगळं आठवत होतं. गाडी कलली की नाक उताराकडे घालायचं, सरळ खाली जाऊ द्यायचं, मग ती उलटत नाही. मी स्टिअरिंग खाली वळवायला लागलो आणि समोर बघितलं. बायको उभी होती. खालच्या अंगाला, बरोबर माझ्या रेषेत. मागे चिऱ्यांची बांधलेली भिंत. ती मान जरा वाकडी करून चाकांच्या मागची कड बघत होती, रोज बघते तशी.

"बाजूला हो!" मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात तिला ते "थोडं अलीकडे"सारखं काही वाटलं असेल. तिने हात वर केला. डावा.

"बा देवा म्हाराजा," एवढंच माझ्या तोंडून निघालं. मी स्टिअरिंग वरच्या बाजूला पिळलं. मशीन आडवं झालं. मी वरच्या अंगाला फेकला गेलो, कोपर सोलून निघालं. मशीन कुशीवर घसरत खाली चाललं. ओल्या गवतावर त्याला अडवायला काही नव्हतं. ती एक पाऊल मागे सरली, पाठ भिंतीला लागली. आणखी मागे जायला जागा नव्हती.

खताच्या डब्याचा कोपरा मातीत रुतला म्हणून ते थांबलं. तिच्यापासून दोन हातांवर. पांढरं खत तिच्या पायांवर सांडलं.

मी ओरडलो, सगळ्यांच्या देखत. "अक्कल खंय गेली तुझी? मरायला उभी राहिलीस तिथे? त्याने सांगितलेलं ऐकू आलं नाही?" ओरडतच मी तिच्याकडे उतरलो. तिने वाकून पायावरचं खत झटकलं, निसटलेली चप्पल शोधून घातली.

मॅनेजर खाली आला. फाटलेल्या लॉनकडे बघत म्हणाला, "काका, हे तुम्हाला जमणार का? नाही तर आत्ताच सांगा."

मोडतोडीचं काय ते मी बघतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. कोणी प्रश्न विचारल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच खाली बघितलं.

"जमेल," माझ्या मागून बायको म्हणाली. मग ती दुकानवाल्याकडे वळली. "ते दुसरं उतरवा."

त्याने उभ्याचं मशीन उतरवलं. टाकी काठोकाठ भरून घेतली आणि आधी स्वतः उतारावर नेलं, सरळ वर, सरळ खाली. मध्ये एकदा चाक सरकलं तर तो पाटावरून नुसता उतरून उभा राहिला आणि मशीन जागीच थांबलं. मी भिंतीवर बसून ते बघितलं. तो सपाटीवर आल्यावर ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "माका दाखवा." तो तिच्या बाजूने चालत राहिला. पहिली रेष साफ वाकडी गेली. माळी हसले. दुसरी कमी वाकडी. उजवा हात तिने दांड्यावर नुसता टेकवला होता, खांदा न उचलता. मॅनेजर बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग, काम घेताय का ते सोमवारपर्यंत कळवा, असं म्हणून आत गेला.

परत येताना टेम्पो मीच चालवत होतो. हरमलच्या पुढे आल्यावर मला गाडी पुढे नेववेना, मी ती रस्त्याच्या कडेला घेतली. तिने बाटलीतलं पाणी माझ्या कोपरावर ओतलं आणि ओढणीच्या टोकाने माती पुसायला लागली. झोंबत होतं, पण मी हूं का चूं केलं नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं.

"विचारा."

"तो खाली थांबू नका म्हणाला. माळी बाजूला झाले, मॅनेजर पायरीवर चढला. तू एकटी तिथे कित्याक उभी राहिलीस?"

तिने पुसायचं थांबवलं नाही. वरही बघितलं नाही.

"तुम्ही चालवत होता म्हणून," ती म्हणाली. "दुसरा कोणी असता तर मीपण पळाले असते."

मला रडूच फुटलं. एवढा बाप्या माणूस, भर रस्त्यात, समोरून बस जातेय, लोक बघतायत. ती पुसत राहिली. थोड्या वेळाने मी खिशातून मोबाईल काढला, वास्कोच्या दुकानाचा नंबर लावला आणि वाजतोय तोवर फोन तिच्या पुढे धरला.

तिने माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने फोन घेतला.

"हॅलो," ती म्हणाली. "हां, सकाळचेच आम्ही. उभ्याचं द्या. आणि शिकवायला माणूस पाठवा. चालवणार मी आहे."